जबाबातलं नाव

माझे सीनियर उलटतपासणीची तयारी मोठ्यानं वाचून करत. साक्षीदाराचा पोलिसांनी लिहून घेतलेला जबाब हातात घ्यायचा आणि साक्षीदार ज्या गावचा, ज्या वयाचा, त्याच्या बोलीत तो म्हणून बघायचा. जीभ जिथं अडखळेल तिथं पेन्सिलीनं खूण करायची. "तिथं साक्षीदार बोललेला नसतो, हवालदार बोललेला असतो," असं ते सांगत. म्हाताऱ्या बायकांचे जबाब ते बायकी आवाजात वाचायचे तेव्हा बाहेर बसलेले पक्षकार तोंडाला रुमाल लावायचे. सीनियर गेले, त्यांची खोड मला लागली. वीस-बावीस वर्षं मी रोहा आणि पेणच्या कोर्टांत फौजदारी कामं बघते आहे, आणि अजूनही अष्टमी गावातल्या माझ्या घरात, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून परक्या माणसांचे जबाब म्हणते. शेजारणींना वाटतं बाईचं डोकं फिरलंय. वाटू दे.

हे काम एका खारगावातलं. कासू स्टेशनला उतरून बांधाबांधानं चालत जावं लागतं असं गाव. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि मध्ये खाडीचं पाणी अडवणारा बांध. आरोपी तिशीच्या आतला. रोह्याजवळ एका कंपनीत सहा वर्षं कंत्राटी शिफ्ट करत होता, कायम व्हायच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं. घरी बायको आणि तीन वर्षांची मुलगी. उधाणाच्या एका संध्याकाळी बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, लावायची राहिली आणि खारं पाणी त्याच्या शेतात शिरलं. उघाडी ज्याच्याकडे होती तो समोरच्याच घरातला, त्याच्याबरोबर लहानाचा मोठा झालेला. बांधावर चार-पाच जण जमले, शिवीगाळ झाली, कोणाचं तरी फावडं चाललं आणि त्या उघाडीवाल्या पोराचा डावा डोळा गेला.

पाहणारी एकटी त्या जखमी पोराची आई. साठीच्या पुढची विधवा, जन्मभर मिठागरात टोपल्या वाहिलेली. बाकी जे बांधावर होते त्यांनी काही पाहिलं नव्हतं. गावात असं नेहमीच होतं. भांडणाला अख्खा पाडा आणि साक्षीला चिटपाखरू नाही. तेव्हा सगळं त्या बाईच्या साक्षीवर होतं. ती टिकली तर माझा पक्षकार दोन-तीन वर्षं आत जाणार होता आणि कंपनीची नोकरी सुटणार होती. ती नाही टिकली तर तो सोमवारी पहिल्या शिफ्टला हजर.

त्यानं मारलं का, हे मी त्याला विचारलं नाही. मी कोणालाच विचारत नाही. तो आपणहून म्हणाला, "अंधार पडला होता मॅडम, चार जनांच्या हातात फावडी होती, कोनाचं लागलं काय म्हाइत." मला एवढं पुरे होतं.

रविवारी सकाळी मी बाईंचा जबाब वाचायला घेतला. आई ओट्याशी वाल सोलत होती. सुरुवात नेहमीसारखी: मी अमुक, नवरा मयत अमुक, राहणार अमुक. मग मजकूर. आरोपीनं फावडं उचललं, आरोपी माझ्या मुलावर धावून गेला, आणि प्रत्येक ठिकाणी आरोपीचं नाव बापाच्या नावासकट. मी दुसऱ्या पानावर आले तसा आईचा हात थांबला.

"गो, ही बाई असं बोलायची नाय."

"का?"

"तिच्या नवऱ्याचं आणि त्या आरोपी पोराचं नाव एकच हाय. तूच वाचलंस ना आता. ती घेल होय ते नाव?"

मी जबाब पुन्हा पाहिला तर मयत नवऱ्याचं आणि आरोपीचं तेच नाव. वीस वर्षं जबाब वाचून मला ते दिसलं नव्हतं आणि आईला वालाच्या सालीतून ऐकू आलं. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात, हळदीकुंकवाला उखाण्यातून घेतलं तर तेवढंच. नवरा गेला की तेही बंद. आणि त्या नावाचा दुसरा कोणी घरात, शेजारात असेल तर त्यालाही ती बाई नावानं हाक मारत नाही.

पक्षकाराला फोन करून विचारलं, ती तुला काय म्हणते? तो म्हणाला, "काकी? ती मला समोरचा म्हनते. समोरच्या, जेवलास का. लहानपणापासून तेच."

म्हणजे ठाण्यात काय झालं असेल ते डोळ्यांपुढे उभं राहिलं. बाई म्हणाली असेल, समोरच्यानं मारलं. हवालदारानं चार माणसांना विचारून समोरचा कोण ते लिहून टाकलं. म्हणजे बाईनं ओळखायचं त्याला ओळखलं होतं. ते मला कळत होतं. पण कायद्याच्या भाषेत, जबाबात जे नाव आहे ते साक्षीदारानं उच्चारलेलंच नाही, दुसऱ्या कोणीतरी घातलंय. मॅजिस्ट्रेट विदर्भातून आलेले, तरुण. त्यांना खारगावच्या म्हाताऱ्यांच्या रीती ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला आनंद झाला, हे लपवत नाही. तयारी करताना अशी फट सापडली की जेवण गोड लागतं.

कागदाच्या मधोमध रेघ मारून मी डावीकडे प्रश्न लिहिते आणि उजवीकडे त्याचं येणारं उत्तर. उत्तर लिहिता आलं नाही तर तो प्रश्न खोडायचा, हा सीनियरांचा दंडक. संध्याकाळची वेळ, हो. घर बांधापासून दूर, हो. हातात फावडी बऱ्याच जणांच्या, हो. पोलिसांना हे नाव तुम्ही सांगितलं का, नाही. शेवटचा प्रश्न होता: तुमच्या मुलाला मारणाऱ्याचं नाव आज तरी कोर्टाला सांगता का? त्याच्यासमोर मी लिहिलं, गप्प राहील. मॅजिस्ट्रेट टायपिस्टला सांगतील, साक्षीदार उत्तर देत नाही. त्यापुढे काही विचारायची गरजच नव्हती.

एवढी खात्री कशी, असं कोणी विचारलं असतं तर मी आईकडे बोट दाखवलं असतं. वडिलांना छातीत कळ आली तेव्हा मी गाडी लावत होते आणि आई त्यांना घेऊन दवाखान्यात पुढे गेली. खिडकीतल्या माणसानं पेशंटचं नाव विचारलं. आई गप्प. त्यानं परत विचारलं, मग चिडून विचारलं. ती पिशवीत रेशनकार्ड शोधत राहिली, ते घरी राहिलं होतं. मी धावत पोचले तेव्हा वडील बाकावर कलंडलेले आणि आई खिडकीसमोर मान खाली घालून उभी. दोन दिवसांनी ते गेले. त्या दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं. तरीही मला आईचा राग आला होता आणि तो पुरता कधी गेला नाही. जी बाई नवरा मरत असताना नाव घेत नाही, तसली बाई ते कुठंही घेणार नाही, हे मी तिथं शिकले होते.

साक्षीच्या दिवशी बाई नऊवारीत आली, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट. शेजारी तिचा मुलगा, काळा चष्मा लावलेला. सरतपासात सरकारी वकिलांनी कोणी मारलं म्हणून विचारलं, तिनं आरोपीकडे बोट केलं. "त्यानी. समोरच्यानी." टायपिस्टनं लिहिलं, आरोपीकडे निर्देश करून सांगते. सरकारी वकिलांना त्या दिवशी सहा कामं होती, ते खाली बसले.

मी उठले. आवाज मऊ ठेवला. म्हाताऱ्या माणसावर आवाज चढवला की कोर्ट त्याच्या बाजूला जातं. संध्याकाळ झाली होती ना मावशी? व्हय. दिवे लागले होते? लागत व्हते. फावडी कोणाकोणाच्या हातात होती? "समद्यांच्याच व्हती, बांध टाकाया आल्ते." उजव्या बाजूची उत्तरं एकेक करून येत होती. मग मी जबाब पुढे केला.

"यात आरोपीचं पूर्ण नाव लिहिलंय. हे नाव तुम्ही पोलिसांना सांगितलं?"

तिनं मान हलवली. "मी नाव नाय घेतला."

"म्हणजे ते तुम्ही सांगितलेलं नाही?"

"मी नाय घेतला. मी कदी घेतला नाय."

मॅजिस्ट्रेटनी मान वर केली. टायपिस्टच्या बटणांचा आवाज मला फार गोड वाटला. सीनियर असते तर इथंच माझा कोट ओढून खाली बसवलं असतं. पण कागदावर एक ओळ उरली होती आणि तिचं उत्तर मला ठाऊक होतं.

"मग तुमच्या मुलाला मारणाऱ्याचं नाव आज तरी कोर्टाला सांगता का?"

ती गप्प राहिली. मी लिहिलं होतं तशीच. मॅजिस्ट्रेट टायपिस्टकडे वळले. बाईनं मुलाकडे पाहिलं. मुलाचं तोंड भलत्याच दिशेला होतं, चष्म्यामुळे तो कुठं बघतोय ते कळत नव्हतं. तिनं पदर कपाळावर ओढला, पिंजऱ्याची कड धरली आणि ते नाव घेतलं. मोठ्यानं, अंगणातून हाक मारावी तसं.

आणि आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला, "ओ, काकी."

तो कोणी ठरवून दिलेला आवाज नव्हता. हाक आली आणि त्यानं ओ दिली. लगेच त्याला कळलं आणि त्याचा चेहरा पडला. कोणी हसलं नाही. मॅजिस्ट्रेटनी ते नाव टायपिस्टला अक्षर अक्षर सांगून लिहवून घेतलं आणि मला विचारलं, आणखी काही? मी नाही म्हणाले.

बाहेर व्हरांड्याच्या टोकाला नळ आहे. बाई तिथं वाकून चूळ भरत होती. एकदा, दोनदा, तीनदा. मी बाजूनं निघून जायला हवं होतं. तिनं मला पाहिलं, पदरानं तोंड पुसलं. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं.

"पोराच्या डोल्यापायी घेतला, बाई," ती म्हणाली. "तेंला कल्ला तर तें काय म्हनतील?"

ते म्हणजे तिचा नवरा, जाऊन किती वर्षं झाली देव जाणे. मला लाज वाटली. हरल्याची नव्हे; हरणं हा धंद्याचा भाग आहे. एका बाईच्या मौनाचा मी हिशेब मांडला होता आणि तो मांडताना तिला मुलगा आहे हेच विसरले होते.

घरी आले तेव्हा आईनं पहिलं तेच विचारलं. "घेतलं नाय ना तिनं?"

"घेतलं."

आई बराच वेळ हातातलं पातेलं पुसत राहिली. मला वाटलं ती म्हणेल, तू घ्यायला लावलंस. तेवढं बोलायचा तिला हक्क होता, कारण फट तिनंच दाखवली होती.

"माझ्यानं झालं नव्हतं," ती म्हणाली.

दवाखान्याचं नाव आमच्या घरात कधी निघत नसे. मी तिच्या हातातून पातेलं घेतलं आणि फडताळात ठेवलं.

पुढच्या तारखेला आरोपीचा जबाब होता. पुराव्यातली एकेक गोष्ट कोर्ट त्याला वाचून दाखवतं आणि विचारतं, यावर काय म्हणायचंय? त्याची तयारीही मी करून घेतली होती. खोटं आहे, नाहीतर माहीत नाही, या दोनांपलीकडे जायचं नाही. पंचांच्या साक्षीवर तो म्हणाला, माहीत नाही. डॉक्टरांच्या साक्षीवर म्हणाला, माहीत नाही. मग बाईंची साक्ष आली.

मी मागे वळून पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"काकी खोटं नाय बोलायची, साहेब. फावडा माजाच व्हता."

मॅजिस्ट्रेटनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, वकीलबाई, आरोपीशी बोलून घ्यायचं असेल तर दहा मिनिटं देतो. मी त्याला व्हरांड्यात नेलं. माझा आवाज चढला होता. नोकरी गेली, म्हटलं. यादीतलं नाव कटलं. मुलगी पाच-सहा वर्षांची होईल तेव्हा बाहेर येशील. आत जा आणि सांग, घाबरून बोललो, मला काही आठवत नाही. अजून वेळ गेलेली नाही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. नळाकडे बघत होता.

"मॅडम, तिनी जल्मात पैल्यांदा माजं नाव घेतला," तो म्हणाला. "आन मी ओ दिली. आता मी तो नाय, असं कसं सांगू?"

दहा मिनिटं व्हायची होती. मी त्याला घेऊन आत गेले.