उजवीकडची खिडकी

उभ्या आयुष्यात स्वतःच्या गच्चीपेक्षा उंच न गेलेला माणूस विमानांना किती नावं ठेवू शकतो, हे ज्याला बघायचं असेल त्यानं शाहूपुरीतल्या आमच्या घरमालकांकडे भाडेकरू म्हणून राहायला हवं होतं. मी राहिलो. ते वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. त्या काही वर्षांत मला इतके धक्के बसले की बायको म्हणायची, "तुमच्या भुवया आता कायमच्या कपाळावरच राहणार."

मालक गुळाचे अडते. दोन हजार चार-पाचच्या सुमारास त्यांचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा संगणक मागे राहिला. त्यात विमान चालवायचा एक खेळ होता. खेळ कसला, अख्खी पृथ्वीच होती. डोंगर, नद्या, अगदी आपल्या गावाबाहेरची उजळाईवाडीची धावपट्टीसुद्धा. त्यातली विमानं पसंत नसतील तर दुसऱ्या कंपनीचं विमान वेगळं विकत घेऊन त्यात बसवता येई. हे कळलं मात्र, मालकांमधला अडत्या जागा झाला. पुण्याला फोन गेला, "आधी वानगी पाठव. ढेप फोडून बघितल्याबिगर मी माल घेत न्हाय!" आणि मी बघतच राहिलो, खरोखर सीडीवर नमुन्याची विमानं येऊ लागली.

जेट विमान त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केलं. म्हणाले, "पंख्याचंच पायजे. देवाला जाताना एवढं कोण पळतंय?"

"देवाला?" मी विचारलं. उत्तर ऐकलं आणि होतो तिथेच खाली बसलो.

मालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणे. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी नेम धरला होता, शिखरजीचं, म्हणजे जैनांच्या त्या दूरच्या डोंगरावरच्या तीर्थाचं, दर्शन होईपर्यंत गूळ खायचा नाही. गुळाच्या अडत्याची बायको, आणि गूळ बंद! आज जाऊ, उद्या जाऊ करता करता संसार झाला आणि गुडघे गेले. डोलीचं नाव काढलं की अक्का म्हणत, "दुसऱ्याच्या खांद्यावर बसून कसलं वो पुण्य?" या एका वाक्यापुढे मालक वर्षानुवर्षं हरत आले होते. आता त्यांना वाट सापडली होती. "सर, तुम्हीच सांगा की, विमान कुणाच्या खांद्यावर हाय? नेऊन आणतो तिला. मग बघतो कशी गूळ खात न्हाय ती!"

एकदा हेतू कळल्यावर त्यांच्या नावं ठेवण्यामागची संगती लागली, पण धक्के काही थांबले नाहीत. शिखरावरून उडायचं नाही, देवाच्या डोक्यावरून कसं जायचं? प्रदक्षिणाच घालायची. म्हणजे डोंगर उजव्या हाताला, म्हणजे अक्का उजवीकडे, म्हणजे उजवीकडची खिडकी स्वच्छ हवी. एका विमानाचे पंख वर होते. वळलं की पंख कलून डोंगरावर पडदा पडे. दुसऱ्याचे खाली होते. त्यात पायथा झाकला जाई. "पायथ्याला नमस्कार केल्याबिगर शिखर कसं बघायचं?" असं म्हणून तेही परत गेलं. एका वानगीची तर मुलानं फार तारीफ केली होती. तिच्यात पाखरं खऱ्यासारखी येऊन काचेवर आपटायची. गारगोटीच्या आसपास एक आपटलं. मालकांनी तडक संगणकच बंद केला आणि दुसऱ्या दिवशी उपवास धरला! मी म्हटलं, "मालक, चित्रातलं पाखरू होतं ते." तर म्हणाले, "पाखरू चित्रातलं असंल, पण चालवणारा मी तर खरा हाय न्हवं?" मी जिना उतरलो.

अखेर वर पंख असलेलं एक जुनाट विमान पसंत पडलं. ते इतकं हळू जाई की मोठा वळसा घेतला तर पंख फारसा कलत नसे. मालक शिखरजीजवळच्या रांचीहून पडद्यावर उडून एकट्यानंच रंगीत तालीम करून आले आणि त्यांनी मला हाक मारली. चेहरा पांढराफटक.

"सर, देवळंच न्हाईत की वो! नुस्ता हिरवा डोंगर हाय. एकबी कळस न्हाय!"

मी पाहिलं. खरंच नव्हता. खेळ करणाऱ्यांनी डोंगर उभा केला होता आणि देवळं सोडून दिली होती. इतके दिवस मी या माणसाला हसत होतो, पण त्या दिवशी मीही डोंगराभोवती कळस शोधत राहिलो.

रविवारी पहाटे विमान उजळाईवाडीहूनच निघालं, कारण यात्रा घरापासून सुरू झाली पाहिजे. दिवसभर वरून आरोळ्या ऐकू येत होत्या, "नांदेड गेलं गं!", "नागपुरात तेल भरतोय!" मध्ये भारनियमनात वीज गेली, तेव्हा बॅटरीच्या जोरावर विमान कसंबसं तगलं. दुपार कलली आणि ठेवणीतलं लुगडं नेसून अक्का उजवीकडच्या स्टुलावर येऊन बसल्या. मीही दाराशी उभा राहिलो. पडद्यावर डोंगर यायला हवा होता, आले ते ढग. नुसते पांढरे, दाट ढग. त्या खेळात हवामानही आपल्या हातात असतं हे मला ठाऊक होतं, त्यामुळे सगळं कळलं आणि मला मालकांकडे बघवेना.

"ढग हाईत आज," मालक खाली बघत पुटपुटले.

अक्का हात जोडून बसून होत्या. प्रदक्षिणा झाली. मालकांनी खिशातून गुळाचा खडा काढून पुढे केला. अक्कांनी तो घेतला, कपाळाला लावला आणि मालकांच्याच तोंडात घातला.

"नेम न्हाय मोडायचा," त्या म्हणाल्या. "पण फुडच्या खेपेला ते ढग काढून टाका. देवळं न्हाईत हे ठावं हाय मला. तुम्ही सरांना सांगत हुता, तवा मी जिन्यातच हुते. नुस्ता डोंगर बघू द्या की."

एवढा बाजार गाजवणारा माणूस, गालात गूळ धरून ढग काढायची कळ शोधू लागला. मला रडू आलं, लपवायचं कशाला?

अक्कांचे गुडघे काही बरे झाले नाहीत आणि आम्ही ते घर सोडलं तोवर गूळही त्यांच्या तोंडी लागला नव्हता. पण दर रविवारी, दिवस मावळायच्या आत, वरून पंख्याची घरघर ऐकू यायची. मग मालकांचा आवाज यायचा, "दिसतंय का गं?" आणि अक्का म्हणायच्या, "दिसतंय की. जरा हळू घ्या."

आम्ही दोघं खाली चहा घेत ऐकत असायचो.