भिंतीनं प्यायलेलं चित्र

आमच्या चारकोपच्या बालवाडीच्या बाईंनी मला फसवलं. माझ्या मुलीनं माझं एक चित्र काढलं होतं. ते मला बघायला मिळालं नाही, आणि त्याला सर्वस्वी बाई जबाबदार आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी बाईंबद्दल बरंच चांगलं बोलणार आहे आणि त्या भरात तक्रार राहून जायची. मला फसवणारा माणूस अख्ख्या मुंबईत नाही अशी माझी समजूत होती. गिरणी बंद पडून वडील घरी बसले तेव्हापासून मी कमावतोय. आधी रंगाऱ्याच्या हाताखाली भिंती घासल्या, मग फिरून ब्रश विकले, मग चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत स्वतःचं रंगाचं दुकान टाकलं. कंपन्यांचे सेल्समन माझ्या दुकानात शिरायच्या आधी बाहेर पाणी पिऊन घेतात. अशा माणसाला सुती साडीतल्या, रबरी चपला घालून हिंडणाऱ्या एका बाईनं नळाच्या पाण्यानं गंडवलं.

बालवाडी म्हणजे सेक्टरातल्या एका बैठ्या घराच्या दोन खोल्या. मागे अंगण आणि अंगणाला सोसायटीची लांबलचक कुंपणभिंत, नुसत्या सिमेंटच्या गिलाव्याची. माझ्या मुलीला, गार्गीला, घालायला गेलो त्या दिवशी माझं लक्ष बाईंकडे नव्हतंच, ते भिंतीकडे होतं. उघडी भिंत दिसली की थंडीत कुणाचं उघडं पोर बसलेलं दिसावं तसं मला होतं. मी म्हटलं, बाई, रंगाचे दोन हात मारून देतो, वर सूर्य, फुलपाखरं, इंद्रधनुष्य, सगळं माझ्याकडून. फुकट हा शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाही, म्हणून तो निघाल्यावर मीच जरा थांबलो. बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "नको. रंग दिला की भिंत पाणी पीत नाही." मग त्यांनी विचारलं, रंगाऱ्यांचे झिजलेले ब्रश आहेत का? मी पोतंभर नेऊन टाकले आणि रंग वाचला म्हणून शीळ घालत दुकानात आलो. सौदा तिथेच फसला होता, पण मला त्याचा पत्ता नव्हता.

बाईंची सगळी शाळा त्या भिंतीवर चालायची. ऊन भिंतीवर उतरायच्या थोडं आधी पोरांना बादलीभर पाणी आणि माझे झिजलेले ब्रश मिळायचे. सिमेंट ओलं झालं की काळं पडतं, त्यामुळे पाण्यानं काढलेली रेघ अगदी कोळशासारखी उठून दिसते. हत्ती यायचे, बोटी यायच्या, आज्या यायच्या, आणि मागोमाग ऊन यायचं. हत्तीचे पाय काढून होईपर्यंत सोंड गेलेली असायची. माझा अख्खा धंदा एका गोष्टीवर उभा आहे, की रंग टिकला पाहिजे. पावसात टिकला पाहिजे, पोरांनी हात घासले तरी टिकला पाहिजे. आणि इथे माझ्या मुलीचं कलाशिक्षण म्हणून चाललेलं काम घंटाभरसुद्धा टिकत नव्हतं. मी बाईंना स्पष्ट विचारलं, वर्ष संपल्यावर पालकाच्या हातात काय पडणार? "हातात कशाला?" बाई म्हणाल्या. "यायचं आणि बघायचं." आमच्या आईनं हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "पाण्यान चित्रा काढूक शाळा कित्याक होयी रे? आमच्या अंगणात सडो घालतत तेवा ह्याच जाता."

पण पालकांना गोळा करायचा बाईंचा डाव असा बिनबोभाट होता. त्यांनी कधी मीटिंग बोलावली नाही, कधी सूचना लावली नाही, पालकांचं कर्तव्य वगैरे भाषण दिलं नाही. चित्र घरी येत नाही, म्हणून घराला चित्राकडे जावं लागे. पोरंच आईबापांना हाताला धरून ओढत आणत. शनिवारी सकाळी अंगणात रिक्षावाले, नर्सा, बँकेतले, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बायका, सगळे उलट्या बादल्यांवर बसलेले असायचे, आणि कुणाला उशीर झाला तर त्याचा हत्ती गेलेला असायचा. कुणी पोराचा हात धरून चित्र सुधारायला गेलं, तर बाई रागावत नसत. त्या माणसाच्या हातात ब्रश देत आणि भिंतीचा एक तुकडा दाखवत. एका ट्रॅफिक हवालदारानं मुलाला, गाईचं शेपूट नीट काढ म्हणून दम दिला, तेव्हा त्यालाच गाय काढावी लागली. ती पुरी झाल्यावर पोरांनी तिच्याभोवती गोल केला, आणि त्यातल्या एकीनं अदबीनं विचारलं, "काका, ही किक मारल्यावर चालू होते का?"

मोबाइलचा बंदोबस्त तर त्याहून वर होता. दाराशी जुना लाकडी पाळणा टांगलेला होता. येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसानं आपला फोन त्यात निजवायचा, आणि एक पोर दोरी धरून पाळणा हलवायचं. फोन थरथरला की पोरं त्याला थोपटायची. सगळ्यात रडका फोन माझा. शनिवारची सकाळ म्हणजे दुकानात गर्दी, त्यामुळे तो सारखा घुमायचा. एकदा दोरीवरच्या पोरानं निदान केलं, की ह्याला भूक लागली असणार. गार्गी भिंतीशी काम करत होती. मान न वळवता म्हणाली, "नाही रे. तो बाबावर गेलाय."

पहिले काही शनिवार मी घड्याळाकडे बघत काढले. पुढे काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. बादलीवर बसलं की खाडीकडून खारट वारा यायचा, भिंतीवर चित्रं यायची आणि जायची, आणि आपण जागे आहोत की नाही याची शंका यायची. बाई चित्राला छान म्हणत नसत, वाईटही म्हणत नसत. फक्त विचारत, मग पुढे? आणि पोरगं पुढे सांगायचं आणि काढायचं, आणि मागचं वाळत जायचं. एका मुलीनं विचारलं, माझा हत्ती गेला कुठे? बाईंनी नुसतं वर बघितलं. मग पोरांनी बघितलं, मग आम्ही सगळी मोठी माणसं, हवालदारासकट, तोंडं वर करून बसलो. गोराईच्या बाजूला एक लहानसा ढग होता. मुलगी बराच वेळ बघून म्हणाली, "सोंड पोचली. बाकीचा येतोय."

आता माझ्या चित्राचं. त्या शनिवारी टेम्पोवाल्यानं दुकानात चुकीच्या शेडचे डबे उतरवले. माझा फोन पाळण्यात, म्हणून तो पत्ता काढत थेट बालवाडीच्या गेटवर आला, आणि आमची जुंपली. आतून गार्गीनं हाक मारली, "बाबा, ये ना, तुला काढलंय." मी म्हटलं आलो. तिनं पुन्हा हाक मारली, मी पुन्हा म्हटलं आलो. मग बाई दारापर्यंत आल्या. "गार्गीचे बाबा, ऊन आलंय," एवढंच म्हणाल्या आणि आत वळल्या. या ठिकाणी माझी मुख्य तक्रार आहे. ज्या बाईला माहीत होतं की भिंतीवर काय आहे, तिनं माझी कॉलर धरून मला आत न्यायला पाहिजे होतं. ऊन आलंय हे काय सांगणं झालं? ऊन रोज येतं. मी टेम्पोवाल्याला डबे परत न्यायला लावले, जिंकलो, आणि आत गेलो. भिंत कोरडी होती. खाली जमिनीलगत, जिथे ऊन अजून पोचलं नव्हतं, तिथे दोन काळे ठिपके होते. ते माझे पाय असावेत. गार्गी ब्रश झटकत होती. मला बघून तिनं शेजारच्याची बातमी सांगावी तसं सांगितलं, "बाबा, तू वाळून गेलास."

मी म्हटलं, पुन्हा काढ. तिनं कावळा काढला. मी चॉकलेटपासून सुरुवात केली आणि मार्वेच्या समुद्रापर्यंत आलो. आयुष्यात मी इतका वर कधी चढलेलो नाही, पण पोरगी जागची हलेना. "तुला काढलं ना एकदा," म्हणाली. बाईंकडे गेलो, तर त्या म्हणाल्या, "आमच्याकडे ऑर्डरचं काम होत नाही." मी म्हटलं, मग निदान काय होतं ते सांगा. "ते बघायचं होतं," बाई बादली उपडी करत म्हणाल्या. "सांगायचं नव्हतं." बाकीचे पालक आपापल्या पोरांची चित्रं वाळायच्या आत बघण्यात गुंतलेले होते, शेवटी एका पोराच्या आजीला माझी दया आली. वाशिमकडची म्हातारी, नातवाला सांभाळायला आलेली. म्हणाली, "होतं की बाबा छान. तोंड मोठं होतं, हे असं एवढं, उघडं." मी विचारणार होतो उघडं म्हणजे कसं, तेवढ्यात नातू तिला ओढत घेऊन गेला, आणि पुढच्या शनिवारच्या आत ती गावी परतली.

त्यानंतर सोसायटीनं कुंपणभिंतींना बाहेरचा पक्का रंग द्यायचं काढलं आणि काम माझ्याकडे आलं. दुकान उघडल्यापासून एवढं मोठं काम आलं नव्हतं. सेक्रेटरीबरोबर सगळ्या बाजू फिरून बघितल्या. बालवाडीमागच्या भिंतीशी आलो तेव्हा तिच्यावर एक बोट अर्धी वाळलेली होती. मी भिंतीला हात लावला आणि म्हटलं, हिला ओल आहे, रंग धरणार नाही, पापुद्रे येतील, ही बाजू सोडा. यात खोटं काहीच नव्हतं. ज्या भिंतीला पोरं रोज पाणी पाजतात तिला ओल असणारच. सेक्रेटरीनं माझ्याकडे निरखून बघितलं. रंग लावू नका म्हणणारा रंगवाला त्यानं पहिल्यांदाच पाहिला होता. "तुझी तब्येत बरी आहे ना रे?" त्यानं विचारलं. बाई खिडकीत होत्या. त्यांनी ऐकलं असेल, नसेल. पण पुढच्या शनिवारी माझ्या उलट्या बादलीवर गोणपाटाची घडी घातलेली होती.

जूनमध्ये गार्गी मोठ्या शाळेत गेली. तिथे पालकांनी गेटपर्यंत यायचं असतं. चित्रं घरी येतात, प्लास्टिकच्या फाइलीतून, छापील रेघेच्या आत रंगवलेली, कोपऱ्यात चांदणी चिकटवलेली. सफरचंद लाल आहे, पान हिरवं आहे, सगळं टिकाऊ आहे. फाइल कपाटात असते, मी ती फारशी काढत नाही. गार्गीला त्या चित्राबद्दल विचारलं तर ती म्हणते, "कुठलं चित्र?" खरंच आठवत नाही तिला. मी मात्र शनिवारी जुने ब्रश द्यायचे म्हणून बालवाडीत जातो. फोन पाळण्यात निजवतो आणि बादलीवर बसतो. आता वेगळी पोरं आहेत. बाईंचे केस पांढरे होत चाललेत, आणि पोरांच्या बादल्या भरताना त्या मध्येच कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात. ऊन उतरत येतं, चित्रं एकेक करून जातात, आणि मी भिंतीच्या त्या जागेकडे बघत राहतो. धंद्यातलं एक मला पक्कं ठाऊक आहे. रंग भिंतीवर बसतो, पाणी भिंतीत जातं. म्हणजे मी तिथेच आहे, आत कुठेतरी.

पण आत असलो तरी कसा आहे ते मला कळायला हवं. म्हातारी गावी गेली, पोरगी विसरली, भिंत बोलत नाही. ते चित्र बघितलेलं माणूस आता एकच उरलंय, आणि ते विषय निघाला की हसून बादली भरायला जातं. बाई, मी तुमची भिंत राखली, आता तुम्ही मला जबाब द्या. माझं तोंड मोठं होतं, उघडं होतं, इथपर्यंत मला मान्य आहे. पण तिनं काढलेला तो बाबा हसत होता, की ओरडत होता?