नऊ विहिरींची मोजणी

रुकसाना इनामदार चुकतात, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. बाईंची उभी हयात भूजलशास्त्रात गेलेली. मी पाणी समितीचा चिटणीस, म्हणजे चहा सांगणारा आणि इतिवृत्त लिहिणारा. समितीत बोलणारे पुष्कळ होते. मोजून मग बोलणाऱ्या या एकट्याच.

कात्रजच्या पलीकडचं एक गाव शहरात आलं. म्हणजे नकाशात आलं, नळ काही आले नाहीत. एक दिवसाआड टँकर येई. तिथे नव्या इमारतींना बोअर पाडू द्यायचे का, हे समितीने ठरवायचं होतं. बाई तिथल्या नऊ विहिरी तीन वर्षं दर महिन्याला मोजत होत्या. टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप आत सोडायचा. खडू जिथवर ओला, तिथवर पाणी. मोटर चालू असली की मोजणी खोटी ठरते, म्हणून दोन दिवस आधी गावाला निरोप जाई: मोटर बंद ठेवा, मी येतेय. आकडे चांगले होते, भर उन्हाळ्यातही. त्यांच्याच जोरावर बोअरला परवानगी देणारा मसुदा मी लिहिला.

त्या एप्रिलमध्ये ईदच्या धावपळीत निरोप द्यायचा राहिला. आम्ही तसेच गेलो. सोजरबाई नावाच्या आजींच्या विहिरीत टेप सोडला, तर खडू कोरडा आणि टोकाला चिखल.

सोजरबाई पदर सावरत आल्या. "कळवायचं तरी, बाई. टँकर वतून ठिवला असता."

"कशात?"

"हिरीत. तुमी येनार म्हनलं की आदल्या दिशी वततोच की. पाव्हन्याला कोरडी हीर दावायची व्हय? त्यात नातवाची सोयरीक बघतोय. पानी न्हाय म्हनलं तर पोरगी कोन देईल?"

नऊपैकी सहा विहिरींचा हाच प्रकार निघाला. पाहुणचार म्हणून गावाने बाईंची तीन वर्षं बुडवली होती. मला संताप आला आणि हसूही आलं.

परतताना मी शहाणपणा पाजळला. "आठवड्यावर सभा आलीय. होऊन जाऊ दे. नवे आकडे जूनमध्ये द्या. कुणाला कळणार आहे?"

"जूनपर्यंत बोअर पडतील," बाई म्हणाल्या. "मग चिखलही उरणार नाही. या लोकांनी प्यायचं काय, माझा अहवाल?"

सभेत त्या उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "माझे आकडे चुकीचे आहेत. नऊपैकी सहा विहिरी कोरड्या आहेत. मसुदा मागे घ्या."

आमोद नावाचे एक सदस्य होते. बांधकामवाल्यांशी त्यांचं सख्य जगजाहीर. ते म्हणाले, "तीन वर्षं चुकलात. मग आजचं बरोबर कशावरून?"

"योग्य विचारलंत. माझ्यावर विश्वास ठेवूच नका. आत्ता निघू या, निरोप न देता. टेप तुम्ही सोडा."

अध्यक्षा शर्मिलाताईंनी गाड्या काढायला सांगितल्या. दुपारी आम्ही सोजरबाईंच्या दारात पोचलो, तर ओसरीवर पाहुणे. मुलीकडचे लोक नातवाला बघायला आले होते. पुढे काय होणार ते मला दिसलं.

आमोदरावांनी टेप सोडला. पाच फूट खडू ओला. "भरपूर पाणी आहे की, इनामदारबाई," ते हसत म्हणाले.

बाईंनी सोजरबाईंकडे पाहिलं, पण विचारलं काहीच नाही. ओसरीवर कोण बसलंय ते त्यांनाही दिसत होतं. सोजरबाईंच्या एका शब्दाने बाईंचं खरं ठरलं असतं. तो शब्द त्यांनी मागितला नाही, आणि मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला.

सोजरबाई काठावर आल्या. "त्ये पानी टँकरचं हाय," त्या ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पाव्हनं येनार म्हनून काल वतलंय. हीर आमची कोरडी हाय. अजून बोअर मारलं तर गाव उठंल."

आमोदरावांच्या हातातला टेप तसाच लोंबत राहिला. शर्मिलाताई मला म्हणाल्या, "लिहून घ्या. मसुदा मागे घेतला. या गावात बोअरला परवानगी नाही."

मी लिहून घेतलं. बाईंनी आपल्या वहीत त्या आकड्यावर काट मारली आणि शेजारी 'टँकरचे पाणी, माहिती: सोजरबाई' असं नोंदवलं.

सोजरबाईंनी एकदा वहीकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे वळल्या. "आता च्या घ्या," त्या म्हणाल्या, "आन् काय इचारायचं त्ये इचारा."