कडी नसलेलं दार

दुपारचं जेवून मी आडवी झालेय, डोळे मिटायला आलेत, पण सुनेचा राग काही मिटत नाही. उज्ज्वला गुणाची आहे असं सगळी गल्ली म्हणते. गल्लीचं काय जातंय म्हणायला? तिच्या गुणांखाली दिवस काढायचेत मला.

मी लेकीकडे निपाणीला काय गेले, हिनं मागं माझी खोली बदलून टाकली. पलंगाचे पाय सुताराकडून वीतभर कापून घेतले. खाली अंथरलेली गोधडी उचलली, पाय अडकतो म्हणे. पलंगापासून न्हाणीपर्यंत भिंतीला धरायला दांडी ठोकली. उशाशी एक मिणमिणता दिवा लावला. ते सगळं मी गिळलं. पण हिनं दाराची आतली कडी काढली! स्क्रूची भोकं तेवढी राहिलीत, दात पडलेल्या हिरडीसारखी.

विचारलं तर म्हणते, "आत्याबाई, काकींचं झालं तसं तुमचं व्हायला नको."

काकी म्हणजे माझी धाकटी जाऊ, चंपा. माझ्या शेजारच्याच खोलीत पहाटे पडली. दाराला आतून कडी. दार फोडेपर्यंत गेली. हे ती मला सांगते. मला, जिनं ते दार दोन्ही हातांनी बडवलं!

मी सकाळीच बजावलंय, संध्याकाळपर्यंत कडी बसली नाही तर मी चालले निपाणीला, कायमची. तोंड पाडून सुताराला निरोप धाडलाय तिनं.

उघड्या दाराकडं बघत पडलेय. पंखा फिरतोय, की पाखडायचं सूप वाजतंय कुठं तरी. कोण पाखडतंय या वेळेला?

"आक्का, जरा सरक."

पायथ्याशी चंपा बसलीय. हिरवं लुगडं, हातात हिरवा चुडा. अहेव गेली ना, तशीच नटलीय. केस ओले.

"तू मेलीयास नव्हं?" मी म्हणते.

"व्हय की."

"मग पलंग कशाला लागतोय तुला?"

"चालून चालून पाय दुखायला लागले गं." ती पाय खाली सोडून बघते. "बरा हाय की पलंग. पाय टेकतात. माझा मेला घोड्याएवढा हुता."

"सुनेनं कापला. शेळी बांधायची वाटतं आता त्याला."

चंपा तोंडाला पदर लावून हसते. सासूबाईंच्या धाकानं हसायची तशी. आणि खरंच सासूबाईंचं खाकरणं ऐकू येतं, कारण आम्ही माजघरात आहोत. तेच माजघर, ज्याला दारच नव्हतं. म्हशीची धार काढायला जाणारा दीर इथूनच जायचा, परसात जाणाऱ्या सासूबाई इथूनच, पाव्हणा आला तर तोही इथूनच. चंपा वाकळ दोन्ही हातांनी उंच धरून उभी आहे, आणि तिच्या आडोशाला मी लुगडं बदलतेय. मग मी धरायची, ती बदलायची. लग्न होऊन आलो तशा आम्ही एकमेकींचं दार होतो.

"हात भरून आले, आक्का. आवर."

"नेसतेय की. आभाळ कोसळलंय काय तुझं?"

"आपली खोली झाली की पहिली कडी लावायची," वाकळीपलीकडून ती म्हणते. "लोखंडाची. ही एवढी."

"लावू की."

मी निऱ्या खोचून वर बघते, तर वाकळ खाली पडलीय आणि चंपाही. माजघर नाही. ही तिची खोली. पलंग आणि भिंत यांच्या सापटीत ती आडवी, एक पाय गोधडीत गुंतलेला. बाहेरून कुणीतरी दार बडवतंय.

"चंपे! सोंग करतीस व्हय गं? उघड म्हणते ना!"

"कोण वरडतंय बाहेर?" मी विचारते.

"तूच की."

माझाच आवाज. किती कर्कश आहे, मला माहीत नव्हतं.

"मग ओ का दिली न्हाईस?"

"दिली गं. दिलेली बाहेर आली न्हाई." ती वर छताकडं बघत बोलते, पाऊस येईल का बघावं तसं. "तू शिव्या देत हुतीस, तवर मला बरं वाटत हुतं. मग तू रडायला लागलीस. तवा कळलं, आता काय खरं न्हाई."

मी कडीकडं धावते. हात वर करते तशी कडी वर जाते. टाचा उंचावते, ती तुळईपाशी जाते. बाहेर मी रडतेय, आत मी चाचपडतेय, आणि मधे लाकडाची एक फळी. मला वाटायचं, माझ्या हातात जोर असता तर. आत येऊन बघितलं तर आतही तीच गत.

"राहू दे आक्का," चंपा म्हणते. "मला आता उघडून काय करायचं?"

"मग कशाला आलीयास?"

"तुझं दार बघायला."

आणि माझ्याच दारासमोर ती उभी आहे. स्क्रूच्या भोकात करंगळी घालून बघते. दार बोटानं ढकलते. ते बिनआवाज उघडतं, ती परत लोटते, परत ढकलते. जत्रेत पाळणा हलवून बघावा तशी. हसत नाही मात्र.

"किती हलकं हाय गं," ती म्हणते.

मी म्हणते, "बस गं चंपे. चहा टाकायला सांगते."

"न्हाई. तू ऊठ. पायाखाली बघ आणि ऊठ."

ती माझं मनगट धरते. मेलेल्या माणसाची पकड एवढी घट्ट असते? चुडा हाडाला रुततो, मी "आई गं" म्हणते—

आणि जागी होते. ऊन भिंतीवरून खाली उतरलंय. पायथ्याला कुणी नाही. उजव्या मनगटावर बांगड्यांचे वळ आहेत, एकाखाली एक, लालभडक. मालक गेल्यापासून या हातात काचेची बांगडी चढलेली नाही. उशी चाचपली, चादर झटकली. टोचावं असं काही नाही. वळांवरून बोट फिरवलं तर खोल लागतात.

तेवढ्यात दार ढकलून उज्ज्वला आत. हातात चहा, मागं ओसरीवर सुताराची पिशवी आपटल्याचा आवाज.

"आत्याबाई, सुतार आलाय. कुठं बसवायची कडी, तुम्हीच सांगा. ... अगं बाई, हाताला काय झालं?"

मी हात पदराखाली घेतला. पाय खाली सोडले. लगेच टेकले.

"त्याला चहा पाज आणि वाटेला लाव," मी म्हटलं. "कडी नको. पण कान उघडे ठेवून ऐक, उज्ज्वला. ही माझी खोली हाय, एस्टी स्टँड न्हाई. यायचं तर उंबऱ्याबाहेर थांबायचं, हाक मारायची, आणि मी 'ये' म्हटल्याबिगर पाऊल आत टाकायचं न्हाई. आणि दोनदा हाक मारून मी ओ दिली न्हाई, तर मग तिथं उभी राहू नको. पळत ये."