ओडेटचा डूख

फ्रान्सच्या नैऋत्येला मादिराँच्या आमच्या उतारावर ताना जातीची द्राक्षं होतात. त्यांची लाल वाइन इतकी तुरट, की नवखा माणूस पहिल्या घोटालाच तोंड वाकडं करतो. या तुरटपणातच औषध आहे, असं सांगत फाब्रिस सारामेया आमच्या गावात राहायला आला. द्राक्षाच्या बियांतलं तुरट द्रव्य रक्तवाहिन्या सैल ठेवतं, म्हणूनच इथली माणसं नव्वदी गाठतात, असं तो सांगायचा आणि बियांच्या अर्काच्या कॅप्सूल विकायचा.

माझी शेजारीण ओडेट. तिचा नवरा गास्टाँ रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायचा. गावच्या सभागृहात सारामेया त्याला म्हणाला, "अहो, रसायनं कशाला गिळता? द्राक्षं तुमची, औषधही तुमचंच!"

गास्टाँने गोळ्या सोडल्या. चौथ्या महिन्यात छाटणी करताना तो वेलींतच कोसळला, तो उठलाच नाही.

दफनाच्या वेळी सारामेया ओडेटचा हात धरून म्हणाला, "कॅप्सूल नेमाने घेतल्या नसणार त्यांनी."

 पंधरवड्याने ओडेट त्याच्याच घरी साफसफाईला लागली.

मी भडकलो. "लाज कशी वाटत नाही गं? त्याच्या फरशा पुसतेस?"

"कपाटंही पुसते," ती म्हणाली.

वीस महिने पुसली. न्हाणीघरातल्या कपाटात दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्यांचं नवं खोकं यायचं, वर सारामेयाचं नाव आणि तारीख. ओडेट प्रत्येकाचा फोटो काढून ठेवायची.

द्राक्षतोडणी संपली आणि सभागृहात त्याचं भाषण ठरलं. ओडेट मध्येच उभी राहिली.

"साहेब, आज सकाळची गोळी घेतलीत ना?"

तो हसला. तिने फोटो रांगांतून फिरवले. "तारखा मोठ्याने वाचा रे!"

मागे बसलेल्या गावच्या डॉक्टरीणबाई उठल्या. "त्या द्रव्यावर संशोधन चालू आहे, काही गुण असेलही. पण त्याच्या भरवशावर गोळ्या सोडणं म्हणजे जिवाशी खेळ."

सारामेया लगबगीने तिच्याजवळ आला. "ओडेट, आपण बाहेर बोलू."

"इथेच बोल. गास्टाँशी इथेच बोलला होतास."

खटला झाला, सारामेयाला दीड वर्षाची कैद झाली. मी तिला म्हटलं, "आता तरी निवलीस?"

"दीडच वर्ष दिलं मेल्याला."

सुटल्यावर त्याने दूरच्या गावच्या बाजारात हर्बल चहाचा ठेला लावला. पुढच्या शनिवारी एकाहत्तर वर्षांची ओडेट पहाटेची बस पकडून तिथे पोचली आणि ते फोटो घेऊन ठेल्यासमोर उभी राहिली. अजूनही दर शनिवारी जाते.