गोळीची लाली

कापराचा वास आला की बोरीवलीच्या घरातली ती दुपार आठवते. कोलेस्टेरॉल उतरेना म्हणून डॉक्टरांनी बाबांच्या जुन्या गोळीला नायसिनची जोड दिली होती. ती घेतल्यावर थोड्याच वेळात बाबांचा चेहरा लालबुंद झाला, अंगाची आग आग व्हायला लागली. मालवणहून आलेल्या आत्याला वाटलं, अंगातच आलं. तिने कापूर लावला, हात जोडून विचारलं, "कोण तू? काय व्हया तुका?" डोळे मिटूनच बाबा म्हणाले, "पाणी दी गो, बाय." आत्या पांढरी पडली. बाबा तिला ताई म्हणायचे. बाय म्हणायची ती फक्त आजी, आणि आजीला जाऊन कैक वर्षं झाली होती. डॉक्टर फोनवर म्हणाले, "या गोळीने होतं असं, उतरेल." लाली उतरली, गोळीही बदलली. आता मलाही कोलेस्टेरॉलची गोळी लागलीय. घेताना मी पाण्याचे दोन ग्लास भरते.