बेटावरचा केवडा

लग्नानंतर दोन वर्षांनी ह्यांना फौजेकडून क्वार्टर मिळालं आणि मी पलूस सोडून अंदमानच्याही खालच्या एका बेटावर गेले. नव्वदनंतरची ती वर्षं. मुलगी तिथंच झाली, सातव्या महिन्यात. दिवस मावळायच्या आत गेली.

दवाखान्यामागं समुद्राकडं उतरती जमीन होती. तिथं केवड्याच्या जातीचं एक झाड होतं. पण नारळाएवढं उंच, आणि खोडातून निघालेली जाड मुळं जमिनीत रुतलेली. नर्स म्हणाली होती, हे झाड आपल्या देशात फक्त इकडच्या बेटांवरच उगवतं. त्याच्या बुडाशी ह्यांनी मुलीला ठेवलं. मला उठवत नव्हतं, मी खिडकीतून पाहिलं.

पुढं ह्यांची बदली सीमेवर झाली आणि मी पलूसला परतले. गावात कुणी विषय काढला नाही. काढला तर, "हुईल दुसरं," एवढंच. 

भाद्रपदात सासूबाई आणि मी ओढ्याकडेला गवत कापत होतो. केवडा फुलला होता. तो वास आला आणि माझा विळा थांबला.

"काय झालं गं?"

"आत्ती, तिथं असलंच झाड हाय. पोरीपाशी."

केवड्यात नाग असतो म्हणून सासूबाई कधी जवळ जात नसत. त्या दिवशी विळा ठेवून गेल्या, काटेरी पानाला हात लावून उभ्या राहिल्या.

"एवढंच हाय?"

"न्हाई, लय मोठं हाय."

"सावली पडती?"

"व्हय. दुपारीबी."

"बरं हाय मग." पान सोडून माझ्याकडं वळल्या, "कुणावानी होती गं?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. "कपाळ तुमचं होतं," मी म्हणाले. त्यांनी पदर तोंडाला लावला. मीही पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

दिवाळीला हे सुट्टीवर आले. जेवणं झाल्यावर सासूबाईंनी त्यांना समोर बसवलं.

"पोरीचं सांग."

 हे खाली बघत म्हणाले, "पहिल्या खड्ड्याला पाणी लागलं, आई. तिला वल्यात कसं ठिवायचं? म्हणून वर सरकून दुसरा खणला. हातानंच. कुदळीनं मुळं तोडू वाटंनात."

खिडकीतून मला त्यांची फक्त पाठ दिसली होती.